ठाणं सोडून जळगावला राहायला जावं का? घर, उन्हाळा, पाणी, माणसं : अनुभव हवेत

खाडीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. वय २६, मूळ गाव गुहागर तालुक्यात, शिक्षण आणि नोकरी ठाण्यात. सॉफ्टवेअर तपासणीचं काम करतो, हातात ४३ हजार येतात, त्यातले ८ हजार घरी पाठवतो. गेल्या वर्षापासून काम घरूनच आहे. ऑफिसात महिन्यातून दोनदा तोंड दाखवावं लागतं.

आम्ही दोघं मिळून वन बीएचके घेतलं आहे, भाडं २१ हजार. जोडीदाराचं (रूममेटचं) एप्रिलमध्ये लग्न आहे, तो जागा सोडतोय. एकट्याने २१ भरणं मला झेपणार नाही आणि पुन्हा अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहायची इच्छा राहिलेली नाही. पाच वर्षांत चार जोडीदार झाले. रात्री दिवा कधी बंद करायचा हेसुद्धा विचारून ठरवायचं, याचा आता खरंच शीण आला आहे.

डिसेंबरात मित्राच्या लग्नाला जळगावला चार दिवस होतो. शहर आवडलं. महाबळ भागात दोन खोल्या, मागे थोडं अंगण, साडेसात हजार भाडं असं मित्राच्या काकांनी सांगितलं. गाडी सरळ आहे, रात्री बसलं की पहाटेच्या आत पोचतो. घरच्यांना मात्र पटत नाही. आई म्हणते, माणसं पोटासाठी मुंबईकडे येतात, तू उलटा कुठे निघालास?

कुणी असं केलं आहे का? काय बघावं, काय विचारावं?

---

वाघूर | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३५

भाऊ, स्वागत आहे. मी जळगावचाच, सात वर्षं पुण्यात काढून तीन वर्षांपूर्वी परत आलो.

पहिली गोष्ट, डिसेंबर बघून घर ठरवू नका. डिसेंबरात जळगाव कोणालाही आवडतं. सकाळी थंडी, बाजारात भरताची हिरवी वांगी, शेताशेतांत भरीत-पार्ट्या. तुम्ही मे महिन्यात या. पारा कधीकधी ४५च्या पुढे जातो, आणि कडक ऊन एखाद-दोन दिवस नाही, पंधरा-पंधरा दिवस राहतं. त्या दिवसांत महिनाभर राहून तुमचं काम होतंय का ते बघा, मगच ठाण्याची खोली सोडा.

दुसरं, कोणी वरच्या मजल्यावरची खोली दीड हजारांनी स्वस्त देत असेल तर घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. खालचा मजला घ्या, पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा शेजारचं घर असेल असं बघा.

तिसरं पाणी. नळाला रोज येत नाही, दिवसाआड धरून चाला, कधी त्याहून लांबतं. घराला जमिनीखाली हौद आहे का, बोअर आहे का, मोटार कोणाच्या मीटरवर चालते, हे भाडं विचारायच्या आधी विचारा.

---

पाचकंदील | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आईंना सांगा, कोकणातून खान्देशात यायची वाट जुनी आहे. साने गुरुजी पालगडचे. १९२४ साली अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि त्यांच्या आयुष्यातली घडणीची वर्षं तिथे गेली. इतिहासाचार्य राजवाडेही कोकणातले, अखेरचा मुक्काम आमच्या धुळ्यात. ३१ डिसेंबर १९२६ला ते गेले आणि लगेच जानेवारीत त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. त्यांनी वणवण करून जमवलेले कागद आजही इथेच जपलेले आहेत.

धुळ्यात भाडं जळगावपेक्षाही कमी पडेल. रस्त्याने धुळं फार सोयीचं, आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता दोन्ही इथे मिळतात. पण महिन्यातून दोनदा ठाणं गाठायचं तर रेल्वेचं बघावं लागेल. धुळ्याहून चाळीसगावपर्यंतचा फाटा आहे, मुख्य मार्ग तिथून. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तो धुळ्यावरून जाणार आहे. आम्ही लहानपणापासून त्याची वाट बघतोय. तो होईपर्यंत तुमच्यासाठी जळगाव किंवा भुसावळच बरं. मी धुळ्याचा असून हे सांगतोय.

---

केळीबाग | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

मी रावेर तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरी. थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

जळगाव स्वस्त आहे हे वाक्य अर्धंच आहे. कोणासाठी स्वस्त? तुमचा पगार ठाण्याचा आणि खर्च जळगावचा, म्हणून तुम्हाला साडेसात हजार किरकोळ वाटतात. माझा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर आहे, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात १६ हजारांवर आहे. त्याला तीच खोली निम्मा पगार घालून घ्यावी लागेल. म्हणून तो रोज गावाहून ये-जा करतो, सकाळी सहाला निघतो.

आणि तुमच्यासाठीही खरा धोका भाड्यात नाही, उन्हातही नाही. उद्या कंपनीने सांगितलं की रोज ऑफिसात या, तर? ठाण्यात एक नोकरी गेली तर त्याच लोकलच्या मार्गावर दहा ठिकाणी अर्ज करता येतात. जळगावात पाइप, ठिबक सिंचन, डाळ मिल, चटई, केळी, सोनं, दवाखाने, कॉलेजं यांत काम आहे. तुमच्या कामाची दुसरी नोकरी त्याच शहरात मिळेल का, हे जायच्या आधी शोधा. मी घर सोडून आले ते हौसेने नाही. दर दिवाळीला ट्रॅव्हल्सचं तिकीट दुप्पट-तिप्पट होतं, ते काढून अकरा-बारा तास बसते, तेव्हा दर वेळी वाटतं की आपल्या गावाजवळ आपल्याला पुरेल असं काम असायला हवं होतं.

---

वाघूर | १० फेब्रुवारी, दुपारी २:०५

केळीबाग ताईंचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. मी परत आलो तेव्हा पगार जवळजवळ निम्म्यावर आला. वडिलांचं डायलिसिस सुरू होतं म्हणून आलो, हिशेब मांडून आलो नव्हतो.

एवढंच म्हणेन, खान्देशात मोठं काही उभं राहत नाही असं कोणी समजू नये. विप्रोची सुरुवात १९४५मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. पुढे तिचा पसारा बाहेरच वाढला, आणि आमची पोरंही तिच्यामागे बाहेर गेली, हे दुःख आहेच.

---

खाडीकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

केळीबाग, राग कसला. मी फक्त माझ्या बाजूने हिशेब मांडला होता. दुसऱ्या नोकरीचा प्रश्न मी खरंच विचारात घेतला नव्हता. आजपासून बघायला लागतो.

वाघूरदादा, मे महिन्याचं पक्कं करतो. मित्राच्या काकांशी बोललो. खालच्या दोन खोल्या जूनमध्ये रिकाम्या होणार आहेत, तोवर गच्चीलगतची एक खोली महिन्याच्या बोलीने देतो म्हणाले.

---

रातराणी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

नाशिकहून नोकरीसाठी जळगावला आले त्याला चार वर्षं झाली. बाई म्हणून लिहिते, इतर मुलींना उपयोग होईल.

एकट्या मुलीला खोली मिळते, पण आधी प्रश्नांची सरबत्ती होते. गाव कोणतं, वडील काय करतात, कोण भेटायला येणार, रात्री किती वाजता याल. मला सात घरं बघावी लागली. एका घरी सगळं ठरलं होतं, किल्ली घ्यायला गेले तर म्हणाले, आमच्या मोठ्या भावाला चालत नाही. सामान टेम्पोत भरलेलं होतं. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. रात्र एका सहकारी बाईंच्या घरी काढली आणि त्यांनीच दुसऱ्या दिवशी गणेश कॉलनीतली सध्याची जागा मिळवून दिली. घरमालकीण आजी एकट्या राहतात. पहिले सहा महिने मी घरी येईपर्यंत त्या ओट्यावर बसून राहायच्या. आधी मला ते पाळत ठेवल्यासारखं वाटायचं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्याच आजींनी नऊ दिवस पेज करून दिली.

करार नोंदणीकृतच करून घ्या. इथे बरेच जण शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर सही करून मोकळे होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. आता घरबसल्या आधार आणि अंगठा लावून होतं. डिपॉझिटचा आकडा त्यात आलाच पाहिजे. माझ्या मैत्रिणीचे वीस हजार तोंडी बोलीत बुडाले.

गाडी हवीच. लोकल नाही, शहर बसवर विसंबून राहता येत नाही. रिक्षा आहेत, रात्री उशिरा मात्र दर त्यांच्या मनावर. बाहेरगावी जायला एसटी, मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मी महिन्यातून एकदा नाशिकला जाते ती त्याच्यावरच.

---

जमाखर्च | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:००

घरभाडे भत्त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. जुन्या करपद्धतीत सूट मोजताना मुंबईला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा धरतात, ठाण्याला आणि जळगावला ४०. नव्या पद्धतीत ही सूटच नाही. पण तुमचं उत्पन्न २०२५च्या अर्थसंकल्पात सांगितलेल्या १२ लाखांच्या खूप आत आहे, नव्या पद्धतीत कर लागणार नाही. या कारणासाठी निर्णय अडवू नका.

---

ओटी_परडी | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

मी तुमच्या आईच्या वयाची आहे. अमळनेरची. लग्नाचं काय? आमच्याकडे मुलींचे आईबाप सरळ म्हणतात, मुलगा पुण्या-मुंबईला हवा. इथे चांगली शेती असलेले, स्वतःचं दुकान असलेले मुलगे पस्तिशीपर्यंत थांबले आहेत. माझा स्वतःचा पुतण्या आहे त्यांत. तुम्ही ठाणं सोडून इकडे आलात तर स्थळं तोच प्रश्न विचारतील. घाबरवत नाही, पण माहीत असू द्या.

---

खाडीकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

काकू, हे कुणी बोललं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. सध्या ठाण्यात माझं स्वतःचं असं दारही नाही, एका खोलीत दोन पलंग आहेत. तिथेही स्थळं हेच विचारतात की स्वतःची जागा आहे का. उत्तर दोन्हीकडे अवघडच आहे.

---

खाडीकाठ | २९ मे, रात्री ११:५०

सांगितल्याप्रमाणे मे महिना जळगावला काढला. ३ तारखेला आलो, आज २७ दिवस झाले. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येक सल्ल्याचा उपयोग झाला.

वरच्या मजल्याबद्दल वाघूरदादांनी लिहिलं होतं ते अक्षरशः अंगावर घेतलं. आत्ता रात्रीचे पावणेबारा आहेत आणि फरशीला अनवाणी पाय लावला तर ती कोमट आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चारला हातावर घेता येत नाही. आंघोळ पहाटे पाचला करायची, नाहीतर बादली आदल्या रात्री भरून आत ठेवायची.

कूलर भाड्याने मिळाला. पहिले दोन दिवस मी कोकणातल्या सवयीने खिडक्या गच्च बंद करून बसलो. खोलीत नुसता दमटपणा, जीव कासावीस. खालच्या काकूंनी वर येऊन समोरची खिडकी उघडली तेव्हा कळलं, की कूलरला बाहेरची कोरडी हवा आत ओढायला आणि ओली हवा बाहेर जायला, दोन्ही वाटा लागतात. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त गार करतो. म्हणून मे महिन्यात तो राजा आणि पाऊस सुरू झाला की निरुपयोगी. दुसरी गोष्ट, बोअरचं पाणी खारं आहे. पंधरा दिवसांत जाळीतल्या गवतावर पांढरी खपली चढली आणि गारवा कमी झाला. गवत बदललं, टाकी घासली, पुन्हा नव्यासारखा. नवं गवत भिजलं की पहिली पाच मिनिटं खोलीभर जो वास पसरतो तो पहिल्या पावसाची आठवण करून देतो.

काम झालं का? सकाळी सात ते अकरा उत्तम. दुपारी दोन ते पाच डोकं चालत नाही, हे कबूल करतो. लॅपटॉपखाली ओला पंचा पसरलेलं पितळी ताट ठेवून काम केलं. वीज चार वेळा गेली, एकदा ऐन बैठकीत. इन्व्हर्टर घ्यावाच लागेल. शहरसुद्धा दुपारी मिटलेलं असतं, एक ते चार बरीच दुकानं अर्धं शटर ओढून. संध्याकाळी सातनंतर सगळे बाहेर पडतात. मेहरूण तलावावर रात्री दहालासुद्धा पोरंबाळं घेऊन माणसं फिरत असतात. आम्ही गच्चीवर पाणी मारून झोपतो. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर गाद्या पडलेल्या, अंधारात ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा. पलीकडच्या गच्चीवरच्या आजोबांनी पहिल्या रात्री विचारलं, "कोनता गावना शेस भाऊ?" गुहागर सांगितल्यावर त्यांना ठिकाण माहीत नव्हतं, पण समुद्र किती लांब आहे घरापासून, हे त्यांनी तीन रात्री विचारलं. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.

आता हिशेब, रुपयांत, या महिन्याचा. भाडं ७,५०० (जूनपासूनचं धरलं आहे), वीज १,६५०, इंटरनेट ७००, दोन वेळचा डबा २,८००, पिण्याचे जार ३६०, पेट्रोल ९००, ठाण्याच्या दोन फेऱ्या २,४००. जाताना स्लीपर, येताना एसी असं केलं. एकूण १६,३१०.

ठाण्यात जोडीदाराबरोबर राहत होतो तेव्हा भाड्याचा अर्धा वाटा, डबा, वीज, इंटरनेट, रिक्षा-लोकल मिळून १७,७५० जायचे. म्हणजे फरक फक्त १,४४०! मी दोनदा बेरीज करून पाहिली. एकट्याने तीच जागा ठेवली तर २९ हजार लागतात, त्याच्याशी तुलना केली तरच जळगाव खरंच स्वस्त आहे.

तेव्हा जो कोणी पैसे वाचतील म्हणून यायचा विचार करत असेल त्याने आधी हे बघावं, की तो आत्ता वाटून राहतो की एकटा. वाटून राहणाऱ्याचे इथे येऊन पैसे वाचत नाहीत. त्याच पैशांत दोन खोल्या, अंगण आणि दार लावून घ्यायचा हक्क मिळतो. मला तो हवा आहे. १ जूनला खालच्या खोल्यांत जातोय.

---

वाघूर | ३० मे, सकाळी ६:४०

एवढ्या नेटाने मे महिना काढलात, आता तुम्ही इथले झालात. एक सुधारणा, खालच्या खोल्यांत विजेचं बिल कमी येईल. आणि स्लॅबवर पुढच्या मार्चमध्ये चुना मारायला काकांना सांगा, वरचाही भाडेकरू दुवा देईल.

---

केळीबाग | ३० मे, दुपारी १२:१५

१,४४० हा आकडा वाचून बरं वाटलं. कोणीतरी खरा हिशेब मांडला. दुसऱ्या नोकरीचं काय केलंत?

---

खाडीकाठ | ३० मे, रात्री १०:२०

तीन ठिकाणी माहिती काढली. मोठ्या कारखान्यांत हिशेब, साठा, पगार यांच्या संगणक प्रणाली सांभाळायला माणसं लागतात. दोन कॉलेजांत तास घ्यायला बोलावतील. पगार २५ ते ३०. आज गरज नाही, पण दार कुठे आहे ते कळलं.

---

रातराणी | ९ ऑगस्ट, रात्री ९:३०

काय खाडीकाठ, पहिली कानबाई कशी झाली?

---

खाडीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ११:००

ताई, कानबाई हा इथला घरोघरी देवी बसवायचा सण, हे मला आधी माहीतच नव्हतं. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी गल्लीतल्या बंद घरांची कुलुपं निघाली. सुरतेहून, पुण्याहून, मुंबईहून माणसं आली. काकांच्या घरी सव्वीस जण होते. अंगणातला नळ, ओटा, माझ्या पुढच्या खोलीतली जमीन, सगळीकडे माणसं. मीही खोली मोकळी करून दिली, मुलं तिथे झोपली.

काकूंनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, घरच्या भाऊबंदांनीच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यासाठी वेगळं ताट केलं होतं. मला वाईट नाही वाटलं. आमच्याकडेही गावच्या देवाच्या अशा गोष्टी आहेत, मुंबईहून आलेल्या पाहुण्याला त्या समजावून सांगाव्या लागतात. सोमवारी विसर्जनाला बायका फुगड्या घालत निघाल्या तेव्हा मला गणपतीत कोकणकन्या पकडून गावी जाणारे आम्ही आठवलो. इकडेही वर्षातून एकदा घर हाक मारतं आणि माणसं मिळेल त्या गाडीने येतात.

मंगळवारी रात्री गल्ली पुन्हा रिकामी झाली. काकू ओट्यावर बसून म्हणाल्या, सव्वीसातले दोघंच उरलो. मी होतो तिथेच, पण त्यांनी मला मोजलं नाही. ते बरोबरच आहे.

---

खाडीकाठ | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१०

केळीबाग, तुमचं म्हणणं खरं ठरलं. परवा कंपनीची मेल आली. १ जानेवारीपासून आठवड्यातून चार दिवस ऑफिस. साहेबांशी बोललो, सूट कुणालाच नाही.

ठाण्यात परत एकट्याने जागा घेणं २९ हजार. नाहीतर पुन्हा जोडीदार शोधायचा. दोन दिवस झोप लागलेली नाही. सल्ला हवा आहे.

---

केळीबाग | १७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मला खरं ठरायचं नव्हतं हो. मे महिन्यात ज्या तीन ठिकाणी विचारलं होतं तिथे उद्याच सकाळी स्वतः जाऊन भेटा. फोन नको. आमच्याकडे माणूस समोर बसल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. माझा भाऊ ज्या भागात आहे तिथल्या दोन-तीन कारखान्यांत कोणाला भेटायचं ते त्याला विचारून संदेश पाठवते.

---

पाचकंदील | १७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

भाऊ, घाबरू नको. शिरपूर, धुळं इकडेही विचारतो.

---

जमाखर्च | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

भावनेआधी एक आकडा काढा. दर महिन्याला घरी पाठवून हातात काय उरतं, एवढंच सगळ्या पर्यायांत बघा. आणि दरवर्षी पगार कुठे किती वाढेल तेही लिहा. आजचा आकडा सारखा दिसला तरी पाच वर्षांनी सारखा नसतो.

---

खाडीकाठ | ११ जानेवारी, दुपारी ३:२०

उशिरा लिहितोय, क्षमस्व.

जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे आकडा काढला. ठाण्यात एकटा राहिलो तर घरी ८ हजार पाठवून ६ हजार उरत होते. जोडीदार शोधला तर १७ हजारांवर. इथे एका कारखान्यात ३० हजारांची नोकरी मिळाली (केळीबाग, तुमच्या भावाने ज्यांचं नाव दिलं त्यांच्यामार्फत, त्याचे आभार मी घरी जाऊन मानले). रेल्वेच्या फेऱ्या गेल्या, तर इथे साधारण ८ हजार उरतात. म्हणजे पैशाने सगळ्यात चांगला पर्याय ठाणं आणि जोडीदार हाच होता. पगारवाढही तिकडेच जास्त. हे लपवत नाही, पुढे कोणी हा धागा वाचून निर्णय घेईल त्याला माहीत असावं.

मी इथली नोकरी घेतली.

डिसेंबरात आई आली होती. मी नोकरीला लागल्यापासून ती माझ्याकडे कधी राहिलीच नव्हती, ठाण्यात दोन पलंगांच्या खोलीत तिला कुठे झोपवणार? सकाळी येऊन संध्याकाळी माझ्या सख्ख्या काकाकडे, ठाण्याजवळच्या दिव्याला जायची. इथे अठरा दिवस राहिली. येताना आमसुलं, सुकट आणि दोन नारळ घेऊन आली. घरमालक काकू शाकाहारी, सुकट पाहून आईला संकोच वाटला, पण काकूंनीच मागच्या अंगणात चूल मांडून दिली आणि म्हणाल्या, तुमचं तुम्ही शिजवा, मला वासाचं काही नाही. चौथ्या दिवशी आई काकूंच्या चुलीसमोर बसून कळण्याची भाकरी थापत होती. ज्वारी आणि उडदाचं ते पीठ तिच्या हाताला चिकटायचं. तांदळाच्या भाकरीला उकड काढायची सवय, इथे पीठ थंड पाण्यातच मळतात. तीन मोडल्या, चौथी नीट आली, ती तिने मला वाढली. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजून लाकडी भांड्यात ठेचताना बघायला आम्ही वाघूरदादांच्या शेतावर गेलो होतो. आईने तिथल्या सगळ्या बायकांना सोलकढीची कृती सांगितली.

जाताना स्टेशनवर ती एवढंच म्हणाली, जागा सोडू नकोस.

३० हजारांत साडेसात हजार भाडं जड जातं, हे पहिल्याच महिन्यात कळलं. केळीबाग, फेब्रुवारीत तुम्ही विचारलं होतं ना, कोणासाठी स्वस्त. आता तो प्रश्न माझाही आहे. तुमच्या भावाशी त्यावर बोलतो आम्ही, तो शनिवारी मुक्कामाला येतो कधीकधी. सकाळी सहाची बस तेवढ्या दिवशी वाचते त्याची.

---

केळीबाग | ११ जानेवारी, दुपारी ४:०५

त्याने सांगितलं मला. माझ्या आईला गावी फार बरं वाटलं.

---

रातराणी | ११ जानेवारी, रात्री ९:१५

करार पुन्हा केलात का? अकरा महिने एप्रिलअखेर संपतील.

---

खाडीकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:५०

काकांशी बोललो, आणखी अकरा महिने, भाडं आहे तेवढंच, नोंदणीकृतच करतोय. या वेळी स्लॅबला चुना मारायचंही त्यांनी कबूल केलं आहे.

---

ओटी_परडी | १२ जानेवारी, सकाळी ८:३०

आई परत कधी येणार? अमळनेरला घेऊन या, मंगळग्रह मंदिरात दर्शन होईल, आमच्याकडे जेवायला या.

---

खाडीकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:४०

काकू, ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येते म्हणतेय. घरमालक काकूंनी तिला झोक्यांचं आणि गौराईचं सांगून ठेवलं आहे. मी तिला सांगितलं, तेव्हा ऊन फार असतं, तर म्हणाली तू राहिलास की. तिच्या आधी कूलरचं गवत बदलून घेतो.